बांधावर झाडं लावा, जगली की पैसे मिळतात : अर्ज कसा करायचा

2019 चा पूर बघितला, 2023 चा दुष्काळ पण बघितला, त्यामुळं आता गावात कोण हवामान बदल म्हटलं की हसत नाही. कर्नाटक वन खात्याची कृषी अरण्य प्रोत्साह योजना 2011-12 पासून चालू आहे, पण खानापूर-बेळगाव-निपाणीकडं आपल्या लोकांना फारशी माहीत नाही, एक तर फॉर्म कन्नडात.

यात रोपं खात्याच्या नर्सरीतून सवलतीत मिळतात, आणि पैसे मिळतात ते जगलेल्या झाडाचे. पहिल्या वर्षी झाडामागं 35 रुपये, दुसऱ्या वर्षी 40, तिसऱ्या वर्षी 50. म्हणजे 100 लावली आणि 80, 75, 70 अशी जगली तर तीन वर्षांत 9300 रुपये होतात. हेक्टरी 400 झाडांपर्यंतच.

जमीन स्वतःच्या नावावर पाहिजे. कागद जास्त नाहीत, पहाणी (आपण उताराच म्हणतो), आधार, बँक पासबुकची झेरॉक्स, पासपोर्ट फोटो आणि शेताचा हातानं काढलेला नकाशा, झाडं कुठं लावणार ते दाखवून. नोंदणी 10 रुपये. पहाणी नाडकचेरीत (होबळीच्या महसूल ऑफिसात) मिळते. घोळ होतो तो नावाचा, पहाणीवर कन्नडात एक आणि आधारवर दुसरंच, आणि सामाईक उतारा असला तर आणखी डोकेदुखी, तेव्हा अर्जाआधी आरएफओ (वन परिक्षेत्र अधिकारी) ऑफिसात दाखवून विचारूनच घ्या. अर्ज पण तिथंच, पावसाळ्याच्या आधी, कारण जूनमध्ये रोपं उचलायला झुंबड असते.

नारळ, सुपारी, निलगिरी, अकेशिया, सिल्व्हर ओक, सुरू यांना पैसे नाहीत हं. खानापूरकडं बरेच जण काजूच धरून बसतात, त्याला मिळतात का ते आधी ऑफिसात विचारा. साग, फणस, जांभूळ, आवळा, हेब्बेव (मेलिया डुबिया, लाकडाचं झाड) असलं घ्या.

फॉर्म एकेकट्याचा असला तरी पाच-दहा घरांनी मिळून गेलेलं बरं, टेम्पोचं भाडं वाटून जातं आणि कन्नड येणारा एक पोरगा सगळ्यांचे फॉर्म भरतो. गायरान, तळ्याच्या काठावर झाडं पाहिजे असतील तर ते या योजनेत नाही, त्यासाठी वॉर्ड सभेत विषय मांडून ग्रामसभेत ठराव करून घ्यायचा, तोंडी सांगून काय होत नाही, ठरावाची नक्कल मागून घ्या.

आणि रोपं घेतलेली पावती तीन वर्षं जपा, दरवर्षी खात्याचे लोक येऊन झाडं मोजतात, त्यावेळी शेतात स्वतः हजर राहा.