कुठलं ‘क्रीप’? रेडिओहेडचं की स्टोन टेम्पल पायलट्सचं?

नव्वदच्या दशकातला रॉक ऐकणाऱ्याला ‘क्रीप’ लावायला सांगितलं, तर तो आधी विचारेल, कुठलं? रेडिओहेडचं ‘क्रीप’ २१ सप्टेंबर १९९२ ला आलं. स्टोन टेम्पल पायलट्सचं आठच दिवसांनी, २९ तारखेला, ‘कोअर’ या अल्बममधून. पहिला बँड इंग्लंडातला, ऑक्सफर्डच्या बाजूचा. दुसरा कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोचा. दोन्ही गाणी संथ, आणि दोन्हींत गाणारा स्वतःवरच नाराज. (टीएलसीचंही एक ‘क्रीप’ आहे, १९९४ चं, पण ते आर अँड बी. त्याचा घोळ कुणी घालत नाही.)

पायलट्सचं गाणं ओळखणं सोपं आहे. अकूस्टिक गिटार, स्कॉट वायलंडचा खालच्या पट्टीतला जाड आवाज, आणि आपण पूर्वी होतो त्याच्या निम्मेच उरलोय ही तक्रार. ‘क्रीप’ हा शब्द गाण्यात कुठेच येत नाही. बासिस्ट रॉबर्ट डिलिओ आणि वायलंडने लिहिलेलं हे गाणं ज्या उदासीत सुरू होतं, तिच्यातच संपतं. मला आवडतं, पण त्यात कुठे ठिणगी नाही.

रेडिओहेडचं गाणं मात्र जवळजवळ अपघातानेच रेकॉर्ड झालं. गायक टॉम यॉर्कने ते एक्सेटरला कॉलेजात असताना लिहिलं होतं. शॉन स्लेड आणि पॉल कोल्डरी हे अमेरिकन निर्माते रेकॉर्डिंगला आले होते दुसऱ्याच गाण्यांसाठी. तालमीत बँडने हे वाजवलं आणि ‘आमचं स्कॉट वॉकरचं गाणं’ असं यॉर्क गमतीने म्हणाला. निर्मात्यांना वाटलं, खरंच त्या जुन्या गायकाचं, वॉकरचं असेल! पुढे त्यांनी ते वाजवायला लावलं आणि एकाच टेकमध्ये काम झालं.

खरी गंमत रचनेत आहे. जी, बी, सी आणि सी मायनर हे चारच कॉर्ड (एकत्र वाजणारे सुरांचे गुच्छ) गाणंभर फिरत राहतात. कडव्यालाही तेच, कोरसलाही तेच. जी हा सा धरला, तर कॉर्डांच्या पोटात एक सूर असा सरकतो: पंचम, कोमल धैवत, शुद्ध धैवत, पुन्हा कोमल, आणि परत पंचम. वर जायचा प्रयत्न करून दर वेळी खाली येणारा हा सूर शब्दांआधीच सगळं सांगून टाकतो. (‘द एअर दॅट आय ब्रीद’ या आधीच्या गाण्याशी साम्य असल्यामुळे त्याचे गीतकार अल्बर्ट हॅमंड आणि माइक हेझलवूड यांची नावंही आता गीतकारांत आहेत.)

पण कॉर्ड बदलत नसतील तर कोरस उसळणार कसा? बँडचा गिटारिस्ट जॉनी ग्रीनवुडला गाणं फारच मिळमिळीत वाटत होतं. ते बिघडवायचं म्हणून त्याने कोरसच्या तोंडाशी गिटारवर दाबलेल्या तारांचे कर्कश फटके मारले. गाणं तिथेच उभं राहिलं.

बीबीसीच्या रेडिओ १ ला ते फार निराशाजनक वाटलं आणि पहिल्या खेपेला ते खपलंही नाही. आधी इस्रायलच्या रेडिओने, मग सॅन फ्रान्सिस्कोने उचलून धरलं. १९९३ मध्ये पुन्हा काढल्यावर ते ब्रिटनमध्ये सातव्या क्रमांकावर पोचलं. नंतर बँडलाच त्याचा इतका कंटाळा आला की वर्षानुवर्षं मैफलींत ते टाळलं गेलं. २००९ मध्ये रीडिंग फेस्टिव्हलला मात्र त्यांनी सुरुवातच त्याने केली.