डेंटल हायजिनिस्ट: कायद्यात १९४८ पासून, कोकणात अजून अनोळखी

बारावीचा निकाल लागला की खेड-चिपळूणकडच्या सायन्सच्या मुलींपुढे ठरलेल्या वाटा येतात: नर्सिंग, डी.फार्म., नाहीतर डीएमएलटी. डेंटल हायजिनिस्ट हे नाव क्वचितच निघतं. निघालंच, तर "म्हणजे डॉक्टरांना सामान हातात देणारी ना?" असं विचारतात. तसं नाही, आणि ते का नाही हे कळायला थोडं मागे जावं लागतं.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात ब्रिजपोर्ट नावाचं शहर आहे. तिथले दंतवैद्य आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आयरीन न्यूमन या आपल्या नात्यातल्या सहाय्यक बाईला दातांवरचं कीटण खरवडायला आणि दात पॉलिश करायला शिकवलं. किडलेला दात भरत बसण्यापेक्षा तो किडूच नये म्हणून झटणारं वेगळं माणूस हवं, हा त्यांचा आग्रह होता. १९१३ मध्ये त्यांनी गॅरेजमध्येच पहिला वर्ग भरवला. तिथून शिकून निघालेल्या पुष्कळ जणी शाळांमध्ये गेल्या. पोरांचे दात साफ करायचे आणि ब्रश कसा फिरवायचा ते दाखवायचं, हे त्यांचं काम. १९१७ मध्ये न्यूमन यांना परवाना मिळाला.

आपल्याकडे हे पद कायद्यात लवकर आलं. स्वातंत्र्याला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा मार्च १९४८ मध्ये डेंटिस्ट्स अ‍ॅक्ट झाला. त्यात दंतवैद्याबरोबर कवळी बनवणारा डेंटल मेकॅनिक आणि डेंटल हायजिनिस्ट यांचीही व्याख्या आहे. हायजिनिस्ट म्हणजे दातांचं स्केलिंग (कीटण खरवडणं), सफाई, पॉलिश करणारी किंवा दातांची निगा कशी राखावी हे शिकवणारी व्यक्ती. यातलं 'शिकवणारी' मला फार मोलाचं वाटतं, कारण कोकणाला नेमकी तिचीच गरज होती आणि आहे.

आमची आजी तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची. वास माजघरापर्यंत यायचा, पोरं खोकत अंगणात पळायची. मग ती चुरायची, फडक्यातून वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरायची. सकाळी मागच्या पडवीत बसून तर्जनीने हिरड्यांवर मिश्री घासल्याशिवाय तिला चहा गोड लागत नसे. दात घासते असं ती म्हणायची; खरं तर ते निकोटिनचं व्यसन होतं. हिरड्या खाली सरकल्या, दात हलायला लागले, आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका होता तो वेगळाच. १९९२ मध्ये टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला देशात बंदी आली. पण घरच्या तव्याला कुठला नियम? तिथे शेजारी बसून, हातात आरसा देऊन "बघा आजी, इथून रक्त येतंय" असं सांगणारं कोणीतरी लागतं. गर्दीच्या दवाखान्यात डॉक्टरांना तेवढा वेळ मिळत नाही.

शिक्षण म्हणाल तर बारावी सायन्सनंतर, भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र घेऊन, दोन वर्षांचा डिप्लोमा. मग राज्य दंत परिषदेकडे नोंदणी. काम दंतवैद्याच्या देखरेखीखाली करायचं. फी भरण्याआधी कोर्सला मान्यता आहे का, हे परिषदेकडे विचारून घ्याच. तीन-सहा महिन्यांच्या 'डेंटल असिस्टंट' सर्टिफिकेटवर हायजिनिस्ट म्हणून नोंद होत नाही. खेडला दंत महाविद्यालय आहे, तळकोकणाला गोव्यातलं बांबोळी जवळ. निदान चौकशी करायला तरी मुंबई गाठायला नको.

नोकऱ्या खासगी दवाखान्यांत आणि दंत महाविद्यालयांत मिळतात. २०१४ च्या सुमारास सुरू झालेल्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमात सरकारी रुग्णालयांतल्या दंत विभागासाठी कंत्राटी हायजिनिस्टची तरतूद आहे. कंत्राटी, हे खटकतंच. आखाती देशांत हायजिनिस्टला स्वतंत्र परवाना असतो. दापोली-मंडणगडच्या घरांना आखात नवीन नाही, पण तिकडे जाणाऱ्या मुलीने आधी इथली नोंदणी आणि कामाचा अनुभव गाठीशी बांधावा. २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा संमत झाला; जुन्या कायद्याची जागा घेणाऱ्या या कायद्यातही दंतवैद्यांच्या या सहायकांच्या नोंदवहीची तरतूद आहे.