रिजेक्शन शून्य, म्हणजे नेमकं काय?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली कुठलीही फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतून भाग करणारा कारखाना, घ्या. पाळी सुटताना रिजेक्शनच्या, म्हणजे नापास मालाच्या, रजिस्टरवर सही होते. कास्टिंगमध्ये (ओतलेल्या भागात) ब्लो होल, म्हणजे वायूमुळं पडणारं भोक, राहणार, साच्याच्या वाळूत ओल जास्त झालीय, हे मोल्डिंगवरच्या, म्हणजे साचे करणाऱ्या, माणसाला पुष्कळदा तिथंच कळलेलं असतं. "कशाला सांगायचं, आपल्याच अंगावर येतंय," म्हणून तो गप्प. मग ते भोक गिऱ्हाइकाच्या मशीन शॉपमध्ये उघडं पडतं.

हे गप्प बसणं मोजायची वाट सापडली ती दवाखान्यात. १९९० च्या दशकात संशोधक एमी एडमंडसन अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांत औषधं देताना होणाऱ्या चुका तपासत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी असतील, हा अंदाज. आकडे उलटे निघाले. चांगल्या टीमच्या नावावरच चुका जास्त! तिथल्या नर्स जास्त चुकत नव्हत्या. झालेली चूक लपवत नव्हत्या, एवढंच. पुढं १९९९ मध्ये त्यांनी एका उत्पादक कंपनीतल्या ५१ टीमचा अभ्यास मांडला. त्यातली सात विधानांची प्रश्नावली आजही चालते. एक विधान साधारण असं: इथं चूक झाली की ती त्या माणसाविरुद्ध धरली जाते.

ही प्रश्नावली मोजते ती 'मानसिक सुरक्षितता', म्हणजे चूक बोलून दाखवली तरी अंगावर येणार नाही हा भरवसा. ही कल्पना याहून जुनी. एडगर शाइन आणि वॉरन बेनिस या अभ्यासकांनी ती १९६५ मध्ये मांडली, विल्यम कान यांनी १९९० मध्ये ती कामात मनापासून गुंतण्याशी जोडली. गूगलनं आपल्या टीमांच्या अभ्यासात तिला पहिला नंबर दिला आणि ती एचआरच्या स्लाइडवर चढली.

कामगाराच्या स्वास्थ्याचा धागा वेगळा. कामाच्या ताणाचे अभ्यासक रॉबर्ट कारासेक यांनी १९७९ मध्ये दाखवलं की, नुसतं जास्त काम माणसाला तितकं पिळत नाही. जास्त काम आणि हातात निर्णय नाही, ही जोडी पिळते. भट्टीपाशी उभं राहिलं की हे लगेच पटतं. लॅडलमधलं (ओतायच्या भांड्यातलं) वितळलेलं लोखंड निवायच्या आत ओतायलाच लागतं, पण साचे किती आणि कुठल्या क्रमानं, हे ठरवणारा ऑफिसात. जागतिक आरोग्य संघटनेची पाच प्रश्नांची स्वास्थ्य-चाचणी १९९८ ची. मागच्या दोन आठवड्यांत मन कसं होतं, एवढंच ती विचारते.

आपल्याकडं २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात 'कल्याण' म्हणजे हात धुवायची सोय, प्रथमोपचार पेटी, कँटीन, आणि ५०० किंवा जास्त कामगार असले तर कल्याण अधिकारी, असं होतं. कोल्हापुरातल्या उद्यमनगरातल्या छोट्या शेडमध्ये ५०० माणसं कुठली? कामाच्या जागच्या मानसिक धोक्यांवर आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचं ४५००३ हे मार्गदर्शन आलं २०२१ मध्ये.

आता मोठ्या गिऱ्हाइकांच्या ऑडिटमुळं अशा प्रश्नावल्यांचे फॉर्म इथंही येऊ लागलेत. पण फॉर्म वाटायला सुपरवायझर, गोळाही तोच करतो, आणि वर नावाचा रकाना असतो. फेटलिंगवर, म्हणजे कास्टिंगवरचं जादा लोखंड घासून काढायच्या कामावर, ग्राइंडर धरणारी ठेकेदाराची पोरं तर कंपनीच्या हजेरीपटावरच नसतात. त्यांच्यापर्यंत फॉर्म पोचतच नाही.