आले किती, मोजले किती

ऐरोलीच्या खाडीत ओहोटी लागली की चिखलपट्टे उघडे पडतात आणि रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, त्यांवर चरायला उतरतात. भरती चढली की पाय टेकायला जागा उरत नाही. मग थवेच्या थवे उठतात आणि सीवूड्स-नेरुळच्या उथळ तळ्यांवर जाऊन बसतात, पाणी ओसरलं की परत खाडीत. सकाळी कुणी ऐरोलीला मोजणी केली आणि दुपारी कुणी नेरुळला, तर तोच पक्षी दोन्ही वह्यांत चढतो. म्हणून गणनेच्या दिवशी सगळ्या जागी एकाच वेळी माणसं उभी करावी लागतात.

याच खाडीच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि पक्ष्यांच्या नोंदी देणारं एक लहानसं संकेतस्थळ आम्ही चार-पाच जण चालवतो. गेल्या मोसमात सोसायटीतले एक काका म्हणाले, "होस्टिंगचा वर्षाचा खर्च मी देतो. फक्त एवढं सांग, रोज किती माणसं बघतात?" त्या रात्री मी दोन ठिकाणचे आकडे काढले. एक सर्व्हरच्या लॉगमधला, दुसरा पानात बसवलेल्या, पान उघडलं की निरोप धाडणाऱ्या मोजणीच्या कोडमधला. दिवस एकच, पण पहिला आकडा दुसऱ्याच्या जवळजवळ तिप्पट. चूक शोधायला बसलो आणि हळूहळू कळलं की दोघांपैकी कुणीच चुकलेलं नाही. दोघं वेगवेगळ्या गोष्टी मोजत होते, आणि काकांना हवी होती ती माणसं दोघांनाही दिसत नव्हती.

सर्व्हरचा लॉग म्हणजे वॉचमनची वही. कुणी काही मागितलं की त्यात एक ओळ पडते: वेळ, मागणाऱ्याचा आयपी पत्ता (त्याच्या जोडणीचा इंटरनेटवरचा क्रमांक), मागितलेली फाइल, ब्राउझरने सांगितलेलं स्वतःचं नाव. पण पान म्हणजे एकच फाइल नसते. वीस फोटो असलेलं पान एकाने एकदा उघडलं तरी वहीत वीसच्या वर ओळी पडतात. यांनाच 'हिट्स' म्हणत, आणि नव्वदच्या दशकात याच आकड्याच्या जाहिराती होत असत. पानावर फोटो वाढवले की हिट्स वाढणार, मग वाचक तेवढेच का असेनात.

मग ओळींऐवजी वेगवेगळे आयपी पत्ते मोजावेत, असं मनात येतं. इथे इंटरनेटचा जुना तुटवडा आडवा येतो. आयपीच्या चौथ्या आवृत्तीत पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे ३२ शून्य-एकांचा असतो, म्हणजे जगभरात मिळून सुमारे ४२९ कोटी पत्ते. फोन, कॅमेरे, टीव्ही धरले तर ते कधीच पुरेनासे झाले. त्यामुळे मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात, जशी शंभर घरं एकाच सोसायटीच्या फाटकाचा पत्ता देतात. उलट बाजूने, एकच माणूस दिवसभरात अनेक पत्ते बदलतो. ऐरोलीत राहणारी एखादी मुलगी सकाळी घरच्या वायफायवर भरतीची वेळ बघते, ट्रान्स-हार्बरच्या गाडीत मोबाइल डेटावर आणि महापेच्या ऑफिसात तिसऱ्याच जोडणीवर. लॉगमध्ये त्या तीन बाया होतात. एकीकडे हजारांचा एक, दुसरीकडे एकाचे तीन. या दोन चुका एकमेकींना छेदून आकडा बरोबर येईल, अशी आशा धरायला काहीही आधार नाही.

मुळात वेबची भाषा विसराळू आहे. एक मागणी, एक उत्तर, आणि संबंध संपला. पुढची मागणी त्याच माणसाची आहे हे सर्व्हरला आठवत नाही. त्यावर १९९४ मध्ये नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीतल्या लू मॉन्टुली यांनी उपाय काढला: ब्राउझरपाशी एक छोटी चिठ्ठी ठेवून द्यायची आणि दर खेपेला ती दाखवायला लावायची. हीच कुकी. पक्षीनिरीक्षकाला ही कल्पना लगेच पटते, कारण आम्हीही हेच करतो. पक्ष्याच्या पायात वाळं घालायचं, म्हणजे पुन्हा दिसला तर ओळखू येतो. २०२२ मध्ये बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने) सहा रोहितांच्या अंगावर जीपीएस यंत्रं बसवली. त्यांतल्या एकाचं नाव हुमायून, एकाचं चक्क नवी मुंबई. हा पक्षी आज खाडीत आणि उद्या तळ्यावर दिसला तरी तो एकच, हे निर्विवाद सांगता येतं.

पण कुकीचं वाळं असतं ब्राउझरच्या पायात, माणसाच्या नाही. फोनवरचा क्रोम, ऑफिसातला एज आणि व्हॉट्सॲपमधली लिंक उघडणारी खिडकी यांची वाळी वेगळी असू शकतात. शिवाय हे वाळं गळून पडतं. ॲपलने सफारीमध्ये २०१७ पासून माग काढण्यावर बंधनं आणायला सुरुवात केली, आणि २०१९ पासून पानातल्या कोडने ठेवलेली कुकी तिथे सात दिवसांपलीकडे टिकत नाही. आमच्याकडे येणारे पुष्कळ जण दर रविवारी वेळ बघतात. आयफोनवरून कुणी एक रविवार चुकवला की पुढच्या खेपेला तो 'नवा वाचक' ठरतो. महिन्याच्या अहवालात नव्या वाचकांची संख्या फुगलेली पाहून मी एकदा मनापासून खूश झालो होतो. ते बरेचसे आपलेच जुने सोबती असणार, हे नंतर उमगलं. सफारीने हे केलं ते लोकांचा खाजगीपणा जपण्यासाठी, आणि ते योग्यच आहे असं माझं मत आहे. मोजणाऱ्याची सोय ही वाचकाच्या हक्कापेक्षा मोठी नाही.

क्षणभर धरून चालू की प्रत्येकाच्या पायात कधीही न गळणारं वाळं आहे. तरी मोठ्या संकेतस्थळांपुढे निराळीच अडचण उभी राहते. दिवसाला कोट्यवधी मागण्या येतात. त्यांत 'वेगवेगळी' वाळी किती हे सांगायचं तर आधी पाहिलेलं प्रत्येक वाळं लक्षात ठेवायला हवं, म्हणजे प्रचंड मोठी यादी आली. फ्रेंच गणिती फिलिप फ्लाजोले यांनी नायजेल मार्टिन यांच्यासोबत १९८५ मध्ये यावर जी युक्ती मांडली, ती मला संगणकशास्त्रातल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

समजा ठाण्याच्या तलावपाळीवर तुम्ही बऱ्याच लोकांना नाणं उडवायला सांगितलं. प्रत्येकाने काटा येईपर्यंत उडवायचं आणि त्याआधी सलग किती छापे पडले ते सांगायचं. सलग दहा छापे पडण्याची शक्यता १०२४ मध्ये एक. तेव्हा दिवसाअखेर कुणी म्हणालं की 'आजचा विक्रम दहा छाप्यांचा', तर लोकांची यादी न बघताही तुम्ही म्हणू शकता की हजाराच्या आसपास माणसांनी नाणं उडवलं असावं. विक्रम तीनचाच असेल, तर माणसं आठ-दहाच असतील.

संगणक नाणं उडवत नाही. तो वाळ्यावरच्या क्रमांकाचं एका ठरलेल्या सूत्राने शून्य-एकांच्या माळेत रूपांतर करतो, आणि माळेच्या सुरुवातीला सलग किती शून्यं आली ते बघतो. खुबी अशी की तेच वाळं हजार वेळा आलं तरी दर वेळी तीच माळ तयार होते, त्यामुळे परत परत येणाऱ्याने विक्रम बदलत नाही. दोनदा मोजण्याचा प्रश्न यादी न ठेवता सुटला! एकट्या विक्रमावर भरवसा ठेवला तर नशिबाने आकडा फार हलतो. म्हणून वाळी दोन हजारांहून अधिक गटांत वाटून प्रत्येक गटाचा वेगळा विक्रम ठेवतात आणि त्यांची विशेष प्रकारची सरासरी काढतात. २००७ मध्ये फ्लाजोले आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की असं केल्यास केवळ दीड किलोबाइट जागेत शंभर कोटींपलीकडचे वेगवेगळे घटक सुमारे दोन टक्क्यांच्या चुकीने मोजता येतात. संकेतस्थळांचे वाचक मोजणारी सेवा गूगल ॲनालिटिक्सही याच पद्धतीची सुधारित आवृत्ती वापरतं. म्हणजे अहवालात शेवटच्या अंकापर्यंत छापलेली वाचकसंख्या हाही एक अंदाजच असतो.

तरी मला या दोन टक्क्यांची काळजी वाटत नाही. ही चूक किती आहे ते ठाऊक आहे, तिला गणिताने बांधून ठेवलेलं आहे. काळजी आहे ती वाळं नेमकं कुणाच्या पायात आहे याची.

कारण येणारे सगळे माणसं नसतातच. आमच्या लॉगमध्ये रोज कुणीतरी वर्डप्रेसचं लॉगिन पान मागत असतं. संकेतस्थळं बनवायची ती प्रणाली आम्ही वापरतच नाही. ही मागणी करणारे असतात आपोआप चालणारे प्रोग्रॅम, म्हणजे बॉट, जगभरची दारं ढकलून बघणारे. शिवाय गूगल-बिंगचे शोधयंत्री बॉट, संकेतस्थळ चालू आहे ना हे तपासणारे, आणि अलीकडे एआयसाठी मजकूर गोळा करणारे. इम्पर्व्हा या सुरक्षा कंपनीने २०२५ च्या अहवालात म्हटलं की २०२४ मध्ये तिने तपासलेल्या वेब-वाहतुकीपैकी ५१ टक्के यंत्रांनी केलेली होती. भले बॉट आपलं नाव सांगून येतात, ते वगळणं सोपं. पण ब्राउझरचं नाव सांगणं हे वॉचमनला नाव सांगण्यासारखंच आहे, वाटेल ते सांगता येतं. पूर्वी बॉट पानातला कोड चालवत नसत, म्हणून कोडने केलेली मोजणी त्यांच्यापासून सुरक्षित होती. आता पडद्याशिवाय चालणारा पूर्ण ब्राउझर घेऊन येणारे बॉट आहेत, त्यामुळे तो आडोसाही राहिला नाही.

मोजणीच्या कोडकडून उलट बाजूची चूक होते. जाहिराती अडवणारी साधनं बहुधा हा कोडही अडवतात. पान अर्धवट उतरलं आणि गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली, तरी कोडला निरोप पोचवता येत नाही. ही गळती सगळीकडे सारखी असती तर काहीतरी गुणून दुरुस्त केली असती. पण अडवणारी साधनं वापरतात ती तंत्र जाणणारी माणसं. महापे-रबाळ्याच्या आयटी कंपन्यांतले वाचक आमच्या आकड्यांत कमी दिसतात आणि व्हॉट्सॲपवर आलेली लिंक साध्या फोनवर उघडणाऱ्या मावशी नीट दिसतात. नमुना एका बाजूला कलला की तो कितीही मोठा असून उपयोग नाही. ॲलेक्सा नावाची संकेतस्थळांची क्रमवारी वर्षानुवर्षं जगभर प्रमाण मानली गेली. तिचा मोठा आधार होता तो स्वतःहून ब्राउझरमध्ये तिची पट्टी (टूलबार) बसवून घेणाऱ्यांचा, म्हणजे एका विशिष्ट प्रकारच्या माणसांचा. १ मे २०२२ ला ती बंद झाली.

आणि 'भेट' म्हणजे तरी काय? गूगल ॲनालिटिक्समध्ये तीस मिनिटं हालचाल झाली नाही की भेट संपली असं धरलं जातं. ठाण्याला गाडीत बसताना आमचं पान उघडलं, मग डोळा लागला आणि पनवेलला उतरताना तेच पान पुन्हा पाहिलं, तर दोन भेटी. वाचनाचा वेळ तर त्याहून अवघड. जुन्या पद्धतीत एक पान उघडल्यापासून पुढचं उघडेपर्यंतचा वेळ मोजत. जो एकच पान उघडायचा आणि भरतीचं कोष्टक दहा मिनिटं वहीत उतरवून घ्यायचा, त्याचा वेळ शून्य लागायचा, कारण 'पुढचं पान' नव्हतंच. आमचा सर्वांत मन लावून वाचणारा माणूस अहवालात आल्या पावली परत गेलेला दिसायचा. मोठमोठेही इथे घसरले आहेत. २०१६ मध्ये फेसबुकने कबूल केलं की व्हिडिओ पाहण्याचा सरासरी वेळ दोन वर्षं फुगवून सांगितला गेला होता. भागाकार करताना तीन सेकंदांपेक्षा कमी पाहणारे वगळले गेले होते.

पक्ष्यांच्या बाबतीत सगळे मोजता येत नाहीत तेव्हा एक जुनी रीत कामी येते. डेन्मार्कच्या पीटर्सन यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माशांसाठी वापरली, अमेरिकेच्या फ्रेडरिक लिंकन यांनी १९३० मध्ये बदकांसाठी. शंभर पकडा, खूण करा, सोडा. पुन्हा शंभर पकडा. त्यांत वीस खुणेचे निघाले तर एकूण संख्या पाचशेच्या घरात. दोन गटांत सामाईक किती, यावरून सगळे किती हे काढायचं. तोच धागा धरून मी आमच्याकडे नाव नोंदवून लॉगिन करणाऱ्यांकडे पाहिलं, कारण ते फोनवर आले काय नि संगणकावर आले काय, एकच म्हणून ओळखू येतात. समजा अशा दहा जणांपैकी चार जण दोन्हीकडून येतात. म्हणजे दहा माणसं चौदा ब्राउझर दिसतात, आणि सातशे ब्राउझरमागे माणसं असतील पाचशे. मात्र लॉगिन करणारे जास्त हौशी असतात. बाकीचे त्यांच्यासारखेच वागतात हे गृहीतक जितकं खरं, तितकाच हा आकडा खरा.

काकांना मी एक आकडा दिला नाही. ब्राउझर किती, बॉट काढल्यावर मागण्या किती, आणि माणसं अमुक ते तमुकच्या दरम्यान, असा कागद दिला. मागच्या वर्षीशी तुलना करायची असेल तर त्याच पद्धतीने मोजलेल्या ओळीशीच करा, हेही सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "मग रविवारी खाडीवरच जाऊन विचारू या की."

भरतीच्या दीड तास आधी आम्ही ऐरोलीच्या जैवविविधता केंद्राबाहेर वही घेऊन उभे राहिलो. येणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न: भरतीची वेळ कुठे पाहिली? कुणी बोटवाल्याला फोन केला होता, कुणाला ग्रुपवर स्क्रीनशॉट आला होता. तो स्क्रीनशॉट आमच्याच पानाचा होता आणि आमच्या एकाही मोजणीत तो कुठेच नव्हता. मग कळव्याहून एक कुटुंब आलं, आजोबांपासून नातीपर्यंत पाच जण. वेळ सुनेने पाहिली होती, तिच्या फोनवर, आदल्या रात्री जेवताना, आणि सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती. नातीला ती तोंडपाठ होती. काकांनी वहीत पाच लिहिले. त्या रात्रीच्या मोजणीत ते सगळे मिळून एकच असणार.