संतपटांतील करुणा आणि पंगतीचा वाद : पार्श्वभूमी

अशांत काळात धार्मिक चित्रपटांनी करुणेचा आणि शांतीचा संदेश द्यावा, ही अपेक्षा मराठीत संतपटांनी रुजवली. १९१३ पासूनच्या मूकपटांना पौराणिक कथांतील चमत्कारांची ओढ होती. माणसामाणसांतील दुराव्याकडे पडदा खऱ्या अर्थाने वळला तो १९३०च्या दशकात. १९२७ साली नागपूरने दंगल पाहिली होती, १९३२ साली पुणे करार झाला होता आणि मंदिरप्रवेशाचा प्रश्न पेटलेला होता.

याच वातावरणात १९३५ साली संत एकनाथांवरील बोलपट आला. त्याचे मूळ नाव ‘महात्मा’ होते. ते उच्चारताच गांधीजींची, म्हणजे एका हयात राजकीय नेत्याची, आठवण होत असल्याने सेन्सॉरने हरकत घेतली आणि अखेर तो ‘धर्मात्मा’ या नावाने प्रदर्शित झाला. अस्पृश्यांसोबत जेवायला बसणाऱ्या संताच्या कथेची परकीय सरकारला धास्ती वाटावी, हे त्या कथेचे मोठेच यश म्हणावे लागेल. नागपूरच्या दृष्टीने मात्र त्याहून महत्त्वाचा वाद पुढेच होता.

जातिनिर्मूलनावरील, प्रत्यक्षात कधी होऊ न शकलेल्या भाषणाच्या १९३७च्या दुसऱ्या आवृत्तीत, पुढे नागपुरात धम्मदीक्षा देणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी या बोलपटाचा थेट उल्लेख केला. अस्पृश्यांना शिवण्याचे व त्यांच्यासोबत जेवण्याचे धैर्य दाखवल्याबद्दल पडद्यावर नायक ठरलेले एकनाथ अस्पृश्यतेच्या विरोधात नव्हते, विटाळ गंगास्नानाने धुऊन निघतो अशी त्यांची धारणा होती, असा हा आक्षेप होता आणि त्याला ‘एकनाथी भागवता’तील वचनाचा आधार दिलेला होता. संतांनी देवाच्या दृष्टीने सर्व समान असे सांगितले, माणसे एकमेकांशी समान आहेत असे सांगितले नाही, हे त्यामागचे मूळ म्हणणे. उलट पैठणच्या तापलेल्या वाळवंटात रडणारे अस्पृश्याचे पोर एकनाथांनी उचलून कडेवर घेतले, ही आख्यायिका वारकरी आजही भक्तिभावाने सांगतात. त्या कृतीतील माया खरीच आहे. पण पोर कडेवर घेणाऱ्याचे मोठेपण सांगताना त्या पोराला वाळवंटात एकटे टाकणारी व्यवस्था तशीच राहते, हा आक्षेप करुणेचा संदेश देणाऱ्या प्रत्येक चित्रपटाला लागू पडतो आणि तो टाळून या विषयाची चर्चा करता येत नाही.

१९३६च्या तुकारामपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, हे सर्वश्रुत आहे. नागपूरकरांना जवळचा वाटावा असा टप्पा १९५६चा आहे. १४ ऑक्टोबर रोजी येथे लाखोंनी बुद्धाचा मार्ग स्वीकारला आणि त्याच वर्षी, बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला २५०० वर्षे झाल्यानिमित्त, एक सरकारी माहितीपट निघाला. बुद्धाची भूमिका कोणा नटाला न देता प्राचीन शिल्पे आणि भित्तिचित्रे यांतून चरित्र उलगडण्याचा निर्णय अतिशय योग्य होता, कारण त्यामुळे प्रेक्षकाचे लक्ष चमत्कारांकडे न जाता विचाराकडे गेले.

१९८७ नंतर ही जागा दूरचित्रवाणीवरील मालिकांनी घेतली. २८ मार्च २०२० पासून, टाळेबंदीत, रामकथेची जुनी मालिका पुन्हा दाखवण्यात आली आणि घरात अडकलेल्या कुटुंबांना तिचा दिलासा मिळाला. मार्च २०२५ मध्ये मात्र नागपूरच्या महाल आणि हंसापुरी भागांत हिंसाचार होऊन शहराच्या काही भागांत संचारबंदी लागली, तेव्हा मोबाइलच्या पडद्यावरून अफवाच अधिक वेगाने फिरल्या.