पिलबाराची ती मालगाडी चालकविरहित नव्हती

५ नोव्हेंबर २०१८ रोजी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या पिलबारा भागात बीएचपी कंपनीची लोहखनिजाची मालगाडी सुसाट सुटली. ‘रिमोटवर चालणारी गाडी बेकाबू झाली’ ही गोष्ट तेव्हापासून फिरते आहे. ती चुकीची आहे. चालकविरहित गाड्या त्याच भागात रिओ टिंटो ही दुसरी खाण कंपनी चालवते. या गाडीवर चालक होता. २६८ वाघिणी तपासायला तो खाली उतरला आणि गाडी त्याच्याशिवाय निघाली.

ब्रेक लागलेले असताना ती निघाली कशी? वाघिणींच्या ब्रेकना जोडणारी विजेची केबल तुटली, त्यामुळे आपत्कालीन ब्रेक आपोआप लागले आणि गाडी थांबली. पण बॅटरी वाचवण्यासाठी ही यंत्रणा तासाभराने बंद होते आणि ब्रेक सुटतात. म्हणूनच इंजिनातला ब्रेकचा दांडा ‘इमर्जन्सी’वर टाकावा लागतो. त्याने ब्रेक पाइपमधली हवा निघून जाते आणि विजेविनाही ब्रेक आवळलेले राहतात. नेमके तेच राहून गेले. हँडब्रेक लावायचे काम पुरे होण्याआधीच तास संपला.

दुसरा गैरसमज असा, की पर्थच्या नियंत्रण कक्षातून कुणीतरी बटण दाबून ब्रेक लावले. तिथून ब्रेक लागतच नव्हते! हाती होते फक्त सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेणारे जोड. सुमारे ९२ किलोमीटर धावलेली गाडी टर्नर या ठिकाणाजवळ सांधा बदलून बाजूच्या रुळाकडे वळवली. त्या वेगात वळण पेलणे अशक्य होते, ती मुद्दाम घसरवली. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही.