ब्राझील–पॅराग्वे संबंध

ब्राझील आणि पॅराग्वे हे दक्षिण अमेरिकेतले शेजारी, मधे साधारण १,३६५ किमीची सीमा, आणि यांच्या नात्याबद्दल कुठूनही बोलायला सुरुवात केली तरी गाडी शेवटी पराना नदीवरच्या इताइपू धरणावरच येऊन थांबते. राजदूत, मंत्री, रस्ते, पूल, व्यापार सगळं आहेच, पण मुळातला प्रश्न एकच: दोघांच्या सामाईक नदीतून निघणाऱ्या विजेतला पॅराग्वेला न लागणारा वाटा ब्राझीलने किती भावाने घ्यायचा. कागदावर दोघं बरोबरीचे भागीदार आहेत, दर ठरवताना मात्र वर्षानुवर्षं थोरल्या भावाचंच, म्हणजे ब्राझीलचंच, चालत आलं.

युद्धाची सावली

१८६४ ते १८७० या काळात पॅराग्वे एकीकडे आणि ब्राझील, अर्जेंटिना, उरुग्वे दुसरीकडे असं युद्ध झालं, त्याला तिहेरी आघाडीचं युद्ध म्हणतात. पॅराग्वेचा अध्यक्ष फ्रान्सिस्को सोलानो लोपेस १ मार्च १८७० ला सेरो कोरा इथे ब्राझीलच्या सैन्याच्या हातून मारला गेला आणि युद्ध संपलं. पॅराग्वेची नक्की किती माणसं मेली यावर इतिहासकारांचे वाद चालूच आहेत, पण पुरुषांची पिढीच्या पिढी गेली हे बहुतेक जण मान्य करतात. १८७२ च्या तहाने सीमा ठरली आणि ब्राझीलची फौज १८७६ पर्यंत पॅराग्वेच्या राजधानीत, असुन्सिओनमधेच तळ ठोकून होती. युद्धाचं देणं ब्राझीलने १९४३ मधे माफ केलं, पण चर्चच्या घंटा वितळवून पॅराग्वेने ओतलेली 'एल क्रिस्तियानो' नावाची तोफ रिओच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात राहिली आणि पॅराग्वेतून ती परत द्या अशी मागणी होत आली आहे. हे सगळं आधी सांगायचं कारण म्हणजे आज विजेच्या दरावर बैठक बसते तेव्हाही पॅराग्वेच्या पेपरांत या युद्धाची आठवण निघते, आणि ज्या देशाने एवढं सोसलं तिथे ती निघणारच.

पूर्वेकडे तोंड

पॅराग्वेला समुद्र नाही. त्यामुळे पूर्वी माल नदीने खाली अर्जेंटिनातूनच जायचा आणि ब्युनोस आयर्सच्या मर्जीवर बरंच अवलंबून राहायला लागायचं. १९५४ मधे सत्तेवर आलेल्या हुकूमशहा आल्फ्रेदो स्त्रोसनरने ब्राझीलकडे वळायचं ठरवलं, ब्राझीलने परानाग्वा बंदरात पॅराग्वेच्या मालाला मोकळी सोय दिली, १९५७ मधे सीमेवर जंगलात नवीन शहर वसवलं गेलं आणि १९६५ मधे पराना नदीवर मैत्री पूल सुरू झाला. त्या शहराला तेव्हा स्त्रोसनरचंच नाव होतं, १९८९ मधे त्याला हाकलल्यावर ते सिउदाद देल एस्ते झालं. स्त्रोसनर स्वतः ब्राझीलमधे आश्रयाला गेला आणि २००६ मधे ब्राझिलियातच वारला.

इताइपू

धरणाची गोष्ट भांडणापासून सुरू होते. ग्वाइरा (ब्राझीलमधे सेते केदास) धबधब्याजवळची सीमा नक्की कुठून जाते यावर वाद होता, १९६५ मधे ब्राझीलच्या सैनिकांनी तिथे ठाणं मांडलं आणि प्रकरण तापलं. २२ जून १९६६ ला दोन्ही परराष्ट्रमंत्र्यांनी इग्वासू दस्तऐवजावर सह्या केल्या की नदीतली वीज दोघांची, समसमान. मग २६ एप्रिल १९७३ ला इताइपू करार झाला, तेव्हा दोन्हीकडे लष्करशाही होती, ब्राझीलकडून लष्करी अध्यक्ष मेदिसी आणि पॅराग्वेकडून स्त्रोसनर. १९८२ मधे जलाशय भरला आणि वादातली जमीन आणि तो प्रचंड धबधबा दोन्ही पाण्याखाली गेले. काठावरच्या आवा ग्वारानी आदिवासींच्या वस्त्याही गेल्या, आणि त्यांचा जमिनीचा हक्क कितीतरी वर्षं कोणी मनावर घेतला नाही, हा या प्रकल्पावरचा मोठा डाग आहे.

पहिली वीज १९८४ मधे निघाली. आज २० टर्बाइन आहेत, प्रत्येकी ७०० मेगावॉट, म्हणजे एकूण १४,००० मेगावॉट, आपल्या कोयनेच्या सातपट. २०१६ मधे वर्षभरात १०.३१ कोटी मेगावॉट-तास वीज काढून विक्रम केला होता. आता यातली तांत्रिक गंमत बघा, पॅराग्वेचं ग्रिड ५० हर्ट्झवर चालतं आणि ब्राझीलचं ६० वर, म्हणून १० यंत्रं ५० ची आणि १० यंत्रं ६० ची बसवली. पण पॅराग्वेला स्वतःच्या १० यंत्रांची सगळी वीज लागतच नाही, उरलेली ब्राझीलला द्यायची तर ती ५० हर्ट्झची, तिकडे थेट चालणार नाही, म्हणून ब्राझीलच्या सीमेवरच्या फोझ दो इग्वासू शहराजवळ ती डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज) करतात, ६०० किलोव्होल्टच्या लाईनने साधारण ८०० किमी लांब साओ पाउलोजवळ इबिउनाला नेतात आणि तिथे परत एसी, ६० हर्ट्झ. साओ पाउलोच्या कारखान्यांना पॅराग्वेची वीज पोचते ती अशी.

पैशाचं गणित इथेच अडतं. धरण चालवणाऱ्या दोघांच्या सामाईक कंपनीचं भांडवल १० कोटी डॉलर, निम्मं निम्मं, पण पॅराग्वेच्या 'आंदे' या वीज कंपनीकडे ५ कोटीही नव्हते, ते ब्राझीलच्याच बँकेने कर्जाऊ दिले. बांधकामाच्या कर्जाला हमीही ब्राझीलची. त्यामुळे ब्राझीलवाले म्हणतात की जोखीम आम्ही घेतली, आणि ते खोटं नाही. पण करारात अशी अट होती की एकाला नको असलेली वीज फक्त दुसऱ्यालाच द्यायची, तिसऱ्या देशाला विकायची नाही, आणि तीही बाजारभावाने नाही, ठरलेल्या मोबदल्यावर. गिऱ्हाईक एकच आणि भावावर पकडही त्याचीच, अशा व्यवहारात विकणाऱ्याच्या हाती काय लागणार?

फर्नांदो लुगो २००८ मधे याच मुद्द्यावर प्रचार करून पॅराग्वेचे अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि जुलै २००९ मधे ब्राझीलचे अध्यक्ष लुला यांनी मोबदला तिप्पट करायला होकार दिला, म्हणजे वर्षाला साधारण १२ कोटी डॉलरवरून ३६ कोटी. ब्राझीलच्या सिनेटची मंजुरी यायला २०११ उजाडलं. २०१९ मधे वीज खरेदीचा एक करार गुपचूप झाल्याचं बाहेर आलं, 'आंदे'च्या अध्यक्षांनी सही न करता राजीनामा दिला, परराष्ट्रमंत्रीही गेले, पॅराग्वेचे अध्यक्ष मारिओ आब्दो बेनितेस महाभियोगापासून थोडक्यात वाचले आणि तो करार रद्द झाला. फेब्रुवारी २०२३ मधे धरणाचं कर्ज फिटलं आणि त्याच वर्षी इताइपू करारातल्या, भाव ठरवणाऱ्या 'परिशिष्ट सी'ची ५० वर्षांची मुदत भरली. खर्च एकदम कमी झाला तेव्हा ब्राझील म्हणाला दर उतरवा, लोकांची बिलं कमी होऊ देत, पॅराग्वे म्हणाला दर राहू द्या, जास्तीच्या पैशातून आम्हाला विकासकामं करायचीत. मे २०२४ मधे महिन्याला १९.२८ डॉलर प्रति किलोवॉट असा दर २०२६ पर्यंत ठरला. पुढचं परिशिष्ट ठरायच्या आत, २०२५ मधे ब्राझीलच्या गुप्तचर संस्थेने पॅराग्वेच्या सरकारी कॉम्प्युटरांवर पाळत ठेवल्याच्या बातम्या आल्या, लुला सरकारने ते आधीच्या सरकारच्या काळातलं असून मार्च २०२३ मधे थांबवल्याचं सांगितलं, तरी पॅराग्वेने राजदूत बोलावून घेतला आणि बोलणी स्थगित केली.

व्यापार, माणसं आणि पूल

१९९१ च्या असुन्सिओन कराराने मर्कोसुर हा दक्षिण अमेरिकी देशांचा व्यापारी गट सुरू झाला त्यात दोघंही संस्थापक. (२०१२ मधे लुगोंना घाईघाईने पदावरून काढलं म्हणून पॅराग्वेला वर्षभर निलंबित केलं होतं.) मर्कोसुरच्या फोसेम या विकासनिधीत ७० टक्के पैसा ब्राझील घालतो आणि सगळ्यात मोठा वाटा पॅराग्वेला मिळतो, इताइपू ते असुन्सिओनजवळचं विया आयेस ही ५०० किलोव्होल्टची लाईन त्यातूनच २०१३ मधे झाली. ही मदत मला सगळ्यात खरी वाटते, कारण स्वतःची वीज स्वतःच्या राजधानीपर्यंत धड न्यायला पॅराग्वेकडे त्याआधी पुरेशी लाईनच नव्हती.

मैत्री पुलावरून ब्राझीलचे छोटे व्यापारी इलेक्ट्रॉनिक्स, परफ्यूम, कपडे पिशव्या भरभरून नेत आले, त्यांना तिकडे 'साकोलेइरो' म्हणतात. हल्ली निर्यातीसाठी माल बनवणाऱ्या कारखान्यांच्या माकिला कायद्याखाली (मूल्यवर्धनावर फक्त १ टक्का कर) ब्राझीलच्या कंपन्या पॅराग्वेत कारखाने काढतात, गाड्यांच्या वायरिंगचे संच तिथे बनून ब्राझीलला जातात. उलट सीमेलगत आल्तो पाराना आणि कानिंदेयू भागात ब्राझीलहून आलेले 'ब्राझिग्वायो' शेतकरी सोयाबीन पिकवतात, आणि भूमिहीन पॅराग्वेयन शेतकऱ्यांशी त्यांचे जमिनीवरून तंटे होत आलेत.

नवे पूलही इताइपूच्याच पैशातून, फोझचा दुसरा पूल धरणाच्या ब्राझील बाजूच्या खर्चाने आणि उत्तरेला पोर्तो मुर्तिन्यो–कार्मेलो पेराल्ता हा पॅराग्वे बाजूच्या. हा उत्तरेचा पूल ब्राझीलचा माल पॅराग्वेच्या पश्चिमेकडचा चाको प्रदेश ओलांडून, अर्जेंटिनातून चिलीच्या पॅसिफिक बंदरांपर्यंत नेणाऱ्या रस्त्याचा भाग आहे.